ब्रेव्हे आणि दीर्घ पल्ल्याचे हौशी सायकलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे करण्याचा विचार मनात आला, की बहुतेकांना तेच ते प्रश्न पडतात. हे प्रश्न विचारणारे बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यानचे, नोकरी-व्यवसाय आणि घर सांभाळून सायकल चालवणारे लोक असतात. त्यांच्यासाठी ही उत्तरे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रेव्हे म्हणजे नेमके काय? ही शर्यत असते का?

नाही, ब्रेव्हे ही शर्यत नाही. आखून दिलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेच्या आत आणि स्वतःच्या बळावर पूर्ण करायचा हा सायकलप्रवास आहे. त्याची नेहमीची अंतरे २००, ३००, ४००, ६०० आणि १००० किलोमीटर अशी आहेत. या उपक्रमाला जगभर ‘बीआरएम’ (ब्रेव्हे दे रँडोनर माँदियो) म्हणतात आणि त्याचे नियम पॅरिसमधील ‘ओदाक्स क्लब पारिझियाँ’ ही संस्था ठरवते. येथे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढले जात नाहीत. २०० किलोमीटर आठ तासांत संपवणारा आणि तेरा तास वीस मिनिटांत संपवणारा, दोघांनाही सारखीच मान्यता मिळते. हौशी माणसाच्या दृष्टीने या खेळाचे सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे, असे आमचे मत आहे.

२. वेळेची मर्यादा किती असते? विश्रांतीचा वेळ त्यातून वगळतात का?

२०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास, ६०० साठी ४० तास आणि १००० साठी ७५ तास अशी मर्यादा असते. घड्याळ सुरुवातीच्या क्षणी सुरू होते आणि शेवटपर्यंत थांबत नाही. जेवण, चहा, पंक्चर, झोप, रेल्वे फाटक या सगळ्यांचा वेळ त्यातच धरला जातो.

सरासरी ताशी १५ किलोमीटर हा आकडा ऐकायला सोपा वाटतो आणि नवखे बहुधा येथेच फसतात. समजा, आपण चालत्या सायकलीवर ताशी २० किलोमीटरचा वेग राखता. मग २०० किलोमीटरसाठी प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास लागतील आणि थांबण्यासाठी साडेतीन तास उरतील. घाट आणि समोरचा वारा यांमुळे तोच वेग १७ वर आला, तर चालवण्यातच पावणेबारा तासांहून अधिक वेळ जाईल आणि हाती पावणेदोन तासही राहणार नाहीत. पाच ठिकाणी वीस-वीस मिनिटे बसलो, की तेवढे संपतात. म्हणूनच अनुभवी मंडळी वेग वाढवण्यापेक्षा थांबे आखडते घेण्यावर भर देतात. हॉटेलात ऑर्डर देऊन वाट पाहत बसण्यापेक्षा तयार असलेले खाऊन निघणे, पाणी भरणे आणि ब्रेव्हे कार्डावर (प्रश्न ९) सही घेणे एकाच थांब्यावर उरकणे, यांतून वाचणारा अर्धा-पाऊण तास पायांनी भरून काढायचा म्हटले तर फार दमछाक होते.

३. ही पद्धत सुरू कोठे झाली आणि भारतात कशी आली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सायकल ही नवलाईची वस्तू होती आणि तिच्यावरून माणूस किती लांब जाऊ शकतो, याचे कुतूहल सर्वांना होते. १८९१ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत प्रथम झाली. शार्ल तेराँ याने ती तीन दिवसांच्या आत, सुमारे ७१ तासांत जिंकली. १८९७ मध्ये इटलीतील काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे अंतर दिवसाउजेडी एका दमात कापले आणि त्यावरून ‘ओदाक्स’ प्रकारच्या सफरींना चालना मिळाली. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये ओदाक्स क्लब स्थापन झाला. सुरुवातीच्या पद्धतीत गटाने एकाच वेगाने, कप्तानाच्या मागे जावे लागे. १९२१ पासून क्लबने प्रत्येकाने आपापल्या वेगाने जाण्याची मुभा असलेल्या ब्रेव्हे सुरू केल्या. आज आपण जे करतो, ते याच दुसऱ्या पद्धतीचे रूप आहे.

भारतात ‘ओदाक्स इंडिया रँडोनर्स’ ही संस्था हे काम पाहते. तिच्या उभारणीत पुण्याच्या दिव्या ताटे यांचा पुढाकार राहिला आहे. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील क्लब स्थानिक पातळीवर मार्ग आखतात आणि स्वयंसेवक उभे करतात.

४. ऐन तरुणपणी काही न खेळलेले लोक चाळिशीत २००–३०० किलोमीटर सायकल का चालवू लागले आहेत?

या प्रश्नामागे बरेचदा थोडी काळजी आणि थोडी शंकाही असते. घरातील माणसेच तो विचारतात. याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत.

पहिले कारण शरीराचे आहे. वयाबरोबर स्फोटक वेग आणि चपळाई लवकर उतरते, पण मध्यम श्रमात तासन्‌तास टिकून राहण्याची क्षमता सरावाने बऱ्याच उशिरापर्यंत राखता येते. शंभर मीटर धावण्यात पंचेचाळिशीच्या माणसाला विशीतल्या मुलाशी बरोबरी करता येणार नाही. ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत मात्र संयम, खाण्यापिण्याची शिस्त आणि स्वतःच्या शरीराची ओळख या गोष्टी तरुण पायांइतक्याच मोलाच्या ठरतात आणि त्या वयाबरोबरच येतात.

दुसरे कारण आपल्या क्रीडाव्यवस्थेत आहे. आपल्याकडे शाळा-महाविद्यालय संपले, की ज्याला संघात जागा नाही त्याच्यासाठी खेळ जवळपास संपतो. प्रौढ माणसाने खेळायचे कोठे, कोणाबरोबर आणि कशासाठी, याला समाजाने फारशी उत्तरे दिलेली नाहीत. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि सामान्य नोकरदार माणूसही छातीवर क्रमांक लावून रस्त्यावर उतरू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन आणि गोव्यातील अर्ध-आयर्नमॅन (पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग शर्यत) अशा वाटा उघडत गेल्या. ब्रेव्हे ही त्यांपैकी सर्वांत कमी गाजावाजाची वाट आहे. तिला प्रेक्षक नसतात, रस्ता बंद केला जात नाही आणि शेवटी स्वागताला दोन-चार स्वयंसेवक आणि चहा एवढेच असते. तरीही लोक पुन्हा पुन्हा येतात, याकडे या खेळाचा विचार करताना दुर्लक्ष करू नये.

तिसरे कारण रस्त्याचे आहे. ज्या गावांतून आपण मोटारीने सुसाट निघून जातो, तेथे सायकलस्वाराला थांबावे लागते, पाणी मागावे लागते आणि दोन शब्द बोलावे लागतात. पायी पंढरपूरला जाण्याची परंपरा असलेल्या प्रदेशात दीर्घ अंतर स्वतःच्या शरीराने कापण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अलीकडे अनेक शहरांतून पंढरपूरला सायकलवारीही निघते.

५. माझे वय सत्तेचाळीस आहे आणि रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मी ब्रेव्हे करावी का?

वय हा अडथळा नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास किंवा पूर्वी कधी छातीत दुखणे, यांपैकी काहीही असल्यास तयारी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे मात्र आवश्यक आहे. डॉक्टरांना ‘मी सायकल चालवू का?’ एवढेच न विचारता, सलग बारा-तेरा तास मध्यम श्रम करायचे आहेत, त्यात घाट आणि ऊन असेल, असे स्पष्ट सांगावे. काही रक्तदाबाच्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात, तर काही नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्यामुळे पाणी किती प्यावे आणि नाडीच्या आकड्यावर विसंबावे की नाही, ही गणिते बदलतात. डोस स्वतःच्या मनाने बदलू नये किंवा त्या दिवसापुरती गोळी टाळू नये.

सायकलवर असताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम किंवा घेरी यांपैकी काहीही जाणवले, तर लगेच थांबावे आणि मदत मागवावी.

६. त्यासाठी महागडी रोड बाईक घ्यावी लागते का?

नाही. मनुष्यबळावर चालणारी कोणतीही सायकल चालते. हायब्रिड, एमटीबी (डोंगरी सायकल), साधी गिअरची सायकल, दोघांची टँडेम, झोपून चालवायची रिकम्बन्ट, सगळ्यांना परवानगी असते. बॅटरीच्या साहाय्याने चालणारी सायकल मात्र चालत नाही.

खर्च करायचाच असेल, तर त्याचा क्रम आमच्या मते असा असावा : आधी सायकल आपल्या मापाची करून घेणे, मग चांगले टायर, चांगले दिवे, पॅड असलेली चड्डी आणि शेवटी जमल्यास हलकी फ्रेम. दोन किलो हलक्या सायकलीने जेवढा फरक पडतो, त्याहून अधिक फरक सीटची उंची योग्य केल्याने पडतो. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालू नये. त्याच्या शिवणीच लांब पल्ल्यात त्वचा सोलवटतात. हा प्रश्न लोक संकोचाने खासगीत विचारतात, म्हणून येथे उघडपणे लिहिले आहे.

७. आठवड्याचे सहा दिवस काम असते. तयारीला वेळ कसा काढायचा?

पहिल्या २०० साठी साधारण तीन महिने हाताशी ठेवावेत. आठवड्यात दोन दिवस पहाटे तास-सव्वा तास आणि सुटीच्या दिवशी एक लांब फेरी, एवढे बहुतेकांना पुरते. लांब फेरी ५०–६० किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू १२०–१३० पर्यंत न्यावी आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी ठेवावे, म्हणजे शरीराला सावरायला अवधी मिळतो. जो १२० किलोमीटर करून त्याच संध्याकाळी घरातील कामे करू शकतो, तो २०० पूर्ण करण्याच्या बराच जवळ पोहोचलेला असतो. सरावात पूर्ण २०० करून पाहण्याची गरज नाही.

किमान एक फेरी ब्रेव्हेच्याच वेळी, पहाटेच्या अंधारात, त्याच कपड्यांत आणि तेच खाणे खाऊन करावी. घरच्यांना वेळापत्रक आधीच दाखवून ठेवावे. सलग तीन महिने रविवारची सकाळ घराबाहेर काढायची, तर उरलेला रविवार घराला द्यायला हवा. ज्यांनी हा समतोल सांभाळला नाही, त्यांची सायकल वर्षभरात बाल्कनीत उभी राहिलेली आम्ही पाहिली आहे.

८. वाटेत काय खावे आणि किती पाणी प्यावे?

दीर्घ पल्ल्यात ब्रेव्हे अर्धवट सुटण्याचे कारण अनेकदा पायांत नसून पोटात असते. शरीरातील साठवलेली साखर काही तासांच्या श्रमांत संपत येते आणि मग माणूस अचानक गळून जातो. ते टाळण्यासाठी पहिल्या तासापासूनच थोडे थोडे खात राहावे. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे साधारण प्रमाण बहुतेकांना झेपते. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची पोळी, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, दहीभात, इडली, पोहे हे आपल्या पोटाच्या ओळखीचे पदार्थ उत्तम. मिसळ आणि वडापाव यांचा मोह आवरता आला तर आवरावा, कारण तळलेले आणि तिखट पोटात जड पडते आणि पुढच्या घाटात त्रास देते. परदेशी जेलच्या पुड्या घ्यायच्या असतील तर सरावात तपासून घ्याव्यात. ब्रेव्हेच्या दिवशी नवीन काहीही खाऊन पाहू नये.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके धोक्याची आहेत. कमी प्यायल्याने होणारा त्रास सर्वांना ठाऊक असतो. घाम भरपूर जात असताना नुसते साधे पाणी लिटरवर लिटर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते, ही दुसरी बाजू मात्र फार थोड्यांना माहीत असते. डोकेदुखी, मळमळ, बोटे सुजणे आणि भान हरपल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत आणि ती उन्हाच्या त्रासासारखीच दिसत असल्याने सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी ठेवावे, तहानेप्रमाणे प्यावे आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन चालवत राहू नये. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

९. मी पूर्ण अंतर केले, हे सिद्ध कसे करायचे? ब्रेव्हे कार्ड म्हणजे काय?

सुरुवातीला प्रत्येकाला एक कार्ड मिळते. त्यावर वाटेतील तपासणीच्या ठिकाणांची, म्हणजे कंट्रोलची नावे, तेथे उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ छापलेली असते. कंट्रोलवर स्वयंसेवक असेल तर तो वेळ लिहून सही करतो. नसेल तेथे एटीएमची किंवा दुकानाची वेळ छापलेली पावती, ठरावीक फलकासमोरचे छायाचित्र किंवा कार्डावर उत्तर लिहायचा एखादा प्रश्न असे पुरावे मागितले जातात. काही ठिकाणी न सांगता ठेवलेले गुप्त कंट्रोलही असतात, त्यामुळे जवळचा रस्ता पकडण्याचा विचार मनातही आणू नये. स्ट्राव्हा या सायकलफेरी नोंदवणाऱ्या अ‍ॅपवरील नोंद उपयोगी पडते, पण आयोजकांनी तसे सांगितले नसेल तर ती कार्डाची जागा घेत नाही. निकाल पॅरिसला गेल्यावर तेथून प्रत्येक ब्रेव्हेला मान्यतेचा क्रमांक मिळतो. पदक हवे असल्यास ते वेगळे घ्यावे लागते. प्रत्येक अंतराचे पदक निराळे असते आणि त्यांची रचना दर चार वर्षांनी बदलते.

१०. मागून घरची गाडी आली तर चालेल का? सोबत्याची मदत घेता येते का?

वाटेत मागे-पुढे चालणारी मदतीची गाडी चालत नाही. वैयक्तिक मदत घ्यायची झाली, तर ती फक्त कंट्रोलवर घेता येते. दोन कंट्रोलच्या मध्ये गाडीतून पाण्याची बाटली घेतली, तरी नियमभंग होतो. याउलट, सहभागी सायकलस्वारांनी एकमेकांना ट्यूब देणे, वाऱ्याच्या आडोशाला एकामागोमाग चालवणे, दुकानातून खरेदी करणे किंवा रस्त्यातल्या पंक्चरवाल्याकडून काम करून घेणे यांना पूर्ण मुभा आहे. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या मागे लागून वारा अडवणे नियमाला आणि जिवाला, दोन्हींना घातक आहे. स्वावलंबन हा या खेळाचा गाभा आहे, म्हणून दोन ट्यूब, टायर लीव्हर, पंप, पॅच, चेन जोडण्याचे साधन आणि ते वापरण्याचा सराव यांशिवाय निघू नये.

११. रात्री चालवण्याची भीती वाटते. दिवे कोणते हवेत आणि झोपेचे काय करायचे?

भीती वाटणे रास्त आहे. पुढे आणि मागे सायकलला घट्ट बसवलेले दिवे, त्यांचे राखीव जोड, हेल्मेट आणि प्रकाश परावर्तित करणारे जॅकेट यांशिवाय रात्री रस्त्यावर येऊ नये. आयोजक सुरुवातीलाच हे सर्व तपासतात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो आणि परतताना बोगदा लागतो. अशा ठिकाणी दिवसाही दिवे सुरू हवेत. द्रुतगती महामार्गावर सायकलींना बंदी असल्याने मुंबई–पुणे मार्गावर जुन्या रस्त्यानेच जावे लागते.

झोपेचा प्रश्न ४०० पासून खऱ्या अर्थाने सुरू होतो. ४०० बहुतेक लोक न झोपता किंवा अर्धा-पाऊण तास डुलकी काढून पूर्ण करतात. ६०० मध्ये ताशी २० च्या चालीने ३० तास सायकलवर जातात आणि दहा तास उरतात. त्यांतून दोन-तीन तासांची झोप काढणे शक्य असते आणि ती काढावीच. पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत कठीण असतो. सायकल आपोआप रस्त्याच्या कडेला किंवा मध्याकडे सरकू लागली, सोबत्याचे बोलणे अर्धवट ऐकू येऊ लागले, दूरचे झाड माणसासारखे दिसू लागले, की पुढचा कंट्रोल जवळ आहे म्हणून रेटू नये. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर परवानगी घेऊन पंधरा-वीस मिनिटे आडवे व्हावे. झोपण्यापूर्वी कॉफी घेतली, तर तिचा परिणाम उठायच्या सुमारास सुरू होतो.

याच संदर्भात एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ६०० संपवून स्वतः मोटार चालवत घरी जाऊ नये. चाळीस तास जागलेल्या माणसाने स्टिअरिंग हाती घेणे हा संपूर्ण ब्रेव्हेतील सर्वांत धोकादायक क्षण ठरू शकतो.

१२. महिलांसाठी वेगळी वेळमर्यादा किंवा वेगळा गट असतो का?

नाही. वय किंवा लिंग यांवरून वेळेत फरक केला जात नाही. प्रत्यक्ष रस्त्यावरील अडचणी मात्र सारख्या नसतात, हे मान्य करायला हवे. स्वच्छतागृहांचा अभाव ही त्यांतील सर्वांत मोठी अडचण आहे आणि त्यापायी काही जणी पाणी कमी पितात, जे प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे घातक आहे. मार्गावरील चोवीस तास सुरू असणारे पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेले आधीच नकाशावर खुणावून ठेवावीत. मासिक पाळीच्या दिवशी चालवावे की नाही, हा सर्वस्वी जिचा तिचा निर्णय आहे. रात्रीच्या टप्प्यात कोणाबरोबर जायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे. आयोजकांनीही रात्रीचे कंट्रोल निर्जन ठिकाणी ठेवू नयेत, अशी आमची त्यांना विनंती असते.

१३. हातांची बोटे बधीर होतात आणि गुडघा दुखतो. हे सामान्य आहे का?

वारंवार आढळते, पण सोसत राहण्यासारखे नाही. करंगळी आणि अनामिका बधिर होणे म्हणजे तळव्याच्या कडेची नस हँडलवर दाबली जात आहे. पकड बदलत राहावी आणि शरीराचा भार हातांवर येत असेल तर बैठक तपासून घ्यावी. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर बहुधा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. मागच्या बाजूला दुखत असेल, तर सीट जास्त वर असण्याची शक्यता असते. चढावर हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवणे गुडघ्यांना मानवते. हजार किलोमीटरच्या पुढे काहींच्या मानेचे स्नायू इतके थकतात, की डोके वर धरता येत नाही. अशा अवस्थेत समोरचा रस्ताच दिसत नसल्याने थांबण्यावाचून पर्याय नसतो.

१४. महाराष्ट्रात पहिली ब्रेव्हे कोणत्या महिन्यात करावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर देशावर आणि विशेषतः विदर्भात दुपार असह्य होते. पावसाळ्यात घाट देखणे असतात, पण खड्डे पाण्याखाली लपतात आणि ब्रेक उशिरा लागतात.

१५. ‘सुपर रँडोनर’ म्हणजे काय? पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला जाण्यासाठी ते लागते का?

एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही ब्रेव्हे पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होते. मागील २०२३ मध्ये झाली आणि त्यानुसार पुढची २०२७ मध्ये येते. तिच्यासाठी त्या वर्षीच्या हंगामात ही मालिका पूर्ण करावी लागते. आदल्या वर्षी ज्याने जितकी लांब ब्रेव्हे केली असेल, तितकी लवकर त्याला पूर्वनोंदणीची संधी मिळते. म्हणून तेथे जायचे असेल तर विचार दोन वर्षे आधीच सुरू करावा.

अंतर सुमारे १२०० किलोमीटर, एकूण चढ १२,००० मीटरच्या आसपास आणि सर्वांत मोठी मुदत ९० तास. आपल्याकडील बऱ्याच जणांचा अंदाज दोन बाबतींत चुकतो. एक म्हणजे तेथील चढ. तेथे मोठे घाट नाहीत, पण लहान लहान चढउतार संपतच नाहीत. दुसरी बाब थंडीची. २०१९ मध्ये ब्रेस्टकडे जाताना समोरचा वारा होता आणि रात्री चांगलीच थंडी होती. उकाड्यात सराव केलेल्या शरीराला ऑगस्टमध्ये थंडी वाजेल, हे आधी खरे वाटत नाही. वाटेतील गावकरी मात्र रात्री-अपरात्री घराबाहेर टेबल मांडून अनोळखी सायकलस्वारांना कॉफी आणि पाणी देतात, आणि बहुतेकांच्या मनात घर करून राहते ते हेच.

१६. ‘रॅम’ आणि डेक्कन क्लिफहँगर यांना ब्रेव्हे म्हणता येईल का?

नाही, त्या शर्यती आहेत. रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजेच रॅम, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची असते. तीत क्रमांक काढले जातात आणि मागे मदतीची गाडी असणे आवश्यक असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. हे चौघेही व्यवसायाने डॉक्टर आहेत आणि आपले काम सांभाळून हौशी सायकलिंगकडे वळलेले आहेत, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पुणे ते गोवा या मार्गावरील डेक्कन क्लिफहँगर ही रॅमच्या पात्रतेसाठीची शर्यत आहे. अशा शर्यतींकडे वळण्यापूर्वी ब्रेव्हेत मिळणारा रात्रीचा आणि एकट्याने निभावण्याचा अनुभव फार उपयोगी पडतो.

१७. मध्येच सोडावे लागले तर काय करायचे?

आयोजकांना लगेच फोन करून कळवावे. न कळवता घरी निघून गेल्यास स्वयंसेवक रात्रभर शोधत राहतात. परतीची व्यवस्था स्वतःची स्वतः करायची असते, म्हणून थोडी रोख रक्कम आणि एसटी किंवा रेल्वेच्या वेळा जवळ असाव्यात. अर्धवट सोडलेल्या ब्रेव्हेमुळे पुढच्या वेळी प्रवेश नाकारला जात नाही.

१८. मार्ग २०७ किलोमीटरचा निघाला. जास्तीच्या ७ किलोमीटरसाठी वेळ वाढवून मिळतो का?

नाही. २०० च्या ब्रेव्हेचा मार्ग किमान २०० असावा लागतो आणि प्रत्यक्षात तो बहुधा थोडा अधिकच असतो, पण मुदत १३ तास ३० मिनिटेच राहते. रस्ता चुकून झालेले जादा अंतरही आपलेच. शिवाय चुकल्यावर जेथे मार्ग सोडला, तेथेच परत येऊन पुढे जावे लागते. दुसऱ्या टोकाला, फार लवकर पोहोचूनही उपयोग नसतो. कंट्रोल उघडण्याची वेळ ठरलेली असते आणि २०० चा शेवटचा कंट्रोल सुरुवातीपासून ५ तास ५३ मिनिटांनी उघडतो. त्याआधी आलेल्याला थांबावे लागते.

१९. वेळेत पोहोचलो, पण कार्ड हरवले. माझ्याकडे सगळी छायाचित्रे आहेत. ती चालतील का?

नियमाप्रमाणे कार्ड हरवणे किंवा एखाद्या कंट्रोलची नोंद नसणे म्हणजे ब्रेव्हे अमान्य. पाहायला हे कठोर वाटते, पण परीक्षक नसलेल्या खेळात कार्ड हाच एकमेव साक्षीदार असतो. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चेन असलेल्या खिशात ठेवावे आणि प्रत्येक कंट्रोलवर त्याचे छायाचित्र काढावे. आयोजकांना ते उपयोगी वाटू शकते, पण त्यावर हक्क सांगता येत नाही.

२०. वाटेत अपघात झालेल्या माणसाला मदत केली आणि मधल्या कंट्रोलवर वीस मिनिटे उशिरा पोहोचलो. मी बाद होतो का?

आपोआप बाद होत नाही. रस्ता अचानक बंद होणे किंवा अपघातग्रस्ताला मदत करणे यांसारखी आधी कळू न शकणारी आणि आपल्या हाताबाहेरची कारणे असतील, तर मधल्या कंट्रोलवरील उशीर माफ करून पुढे जाऊ देण्याचा अधिकार आयोजकांना असतो. थकवा, भूक, सरावाचा अभाव किंवा नीट देखभाल न केलेल्या सायकलीतील बिघाड ही कारणे त्यात बसत नाहीत. घटना घडताच आयोजकांना फोन करावा, ठिकाण आणि वेळ सांगावी आणि शक्य असल्यास सोबतच्या दुसऱ्या सायकलस्वाराची साक्ष ठेवावी. ही सवलत मधल्या कंट्रोलपुरती आहे, एकूण मुदतीत मात्र वाढ मिळेल असे धरून चालू नये. आणि निर्णय काय लागेल याचा विचार करत जखमी माणसाजवळून पुढे निघून जाऊ नये, कारण तीच २०० ची ब्रेव्हे पुढच्या महिन्यात पुन्हा करता येते.